शालीत गुंडाळलेली लाल बिअर

हॉटेलने अंकलना केक दिला. बावीस वर्षं एकाच बारच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसाला व्हॅनिला केक, वर क्रीमची फुलं. केक कापताना मॅनेजरसाहेब फोनवर दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होते, ते फोटोतही दिसतं. नवीन मालक आले, त्यांना बारच्या जागी कॉफीचं दुकान हवं होतं, म्हणून बारचा सगळा स्टाफ कॅन्सल. इथे माणसाची नोकरी जात नाही, माणूसच कॅन्सल होतो. आधी व्हिसा, मग बँकेचं खातं, मग फोनचा नंबर. शेवटी जो काही उरतो तो विमानात बसतो.

अंकलनी तो फोटो दाखवला तेव्हा मी म्हणालो, "मी यावर लिहितो."

"काय लिहितोस? केक चांगला होता."

"अंकल, बावीस वर्षं!"

"अरे पत्रकवाले, बावीस वर्षं मी उभा होतो. आता बसू दे ना जरा."

पत्रकवाले हे नाव त्यांनीच ठेवलेलं. इकडे येण्याआधी मी कंत्राटी सफाई कामगारांच्या संघटनेत होतो. ज्यांचा आवाज चांगला होता ते भाषणाला गेले, मला लिहिता यायचं म्हणून पत्रकं माझ्या गळ्यात पडली. एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. वाचणारा टपरीवर चहा पीत उभा आहे असं धरून लिहायचं. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत जबाबदार कोण, खाली मागण्या. पुढे संघटना फुटली, पुढारी निवडणुकीला उभे राहिले आणि मी दुबईत, रास अल खोरमधल्या एका गोदामाच्या ऑफिसात येऊन पडलो. गाड्यांचे सुटे भाग येतात, जातात, मी त्यांच्या डिलिव्हरी नोट टाईप करतो. इथे पत्रक काढता येत नाही. राग मात्र विमानतळावर कुणी काढून घेत नाही. तो बॅगेतून आत येतो आणि मग रोज त्याचं करायचं काय, हा प्रश्न असतो. याचाही थकवा येतो. खोटं कशाला बोलू.

अंकलची ओळख ऑफिसातल्या एका वसईच्या सहकाऱ्यामुळे झाली. एका नाताळला तो मला उम्म अल कुवैनला घेऊन गेला. तिथे खाडीजवळ एका जुनाट बैठ्या घरात वसईची चारपाच माणसं एकत्र राहायची, सगळी हॉटेलांत काम करणारी. अंकल त्यांतले सगळ्यात मोठे, पन्नाशी ओलांडलेले, दुबईच्या ड्यूटीला रोज तासभर गाडी मारणारे. मी गेलो तो खिशात कागद घेऊनच. आमच्या गोदामात ड्रायव्हरांना दुपारी बसायला सावली नव्हती. ट्रकच्या चाकाशी अंग चोरून बसायची माणसं. त्यावर मी हिंदीत एक पानभर लिहिलं होतं आणि ते गुपचूप वाटायचा माझा विचार होता.

अंकलनी ते उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि स्वतःच्या बिअरच्या ग्लासाखाली ठेवलं. शाई पसरली.

"छान लिहितोस," ते म्हणाले. "हे वाटलंस तर आधी ड्रायव्हर जातील, मग तू जाशील. सावली? ती आजही नाय, उद्याही नसणार."

"म्हणजे गप्प बसायचं?"

"मी कुठे म्हटलं गप्प बस? पी आधी."

पुढच्या आठवड्यात गोदामाच्या दारात एक पिकअप थांबला. त्यातून बारबाहेर लावतात तसल्या मोठाल्या छत्र्या उतरल्या. हॉटेलने टाकायला काढलेल्या, एकीची काडी वाकलेली, पण उघडत होत्या. आमच्या मॅनेजरला सांगण्यात आलं की फुकट आहेत. फुकट म्हटल्यावर त्याने काही विचारलं नाही. ड्रायव्हर त्या दुपारपासून सावलीत बसायला लागले. मला राग आला होता. मागणी नाही, संघर्ष नाही, आणि सावली हजर! मला ती पचत नव्हती. ड्रायव्हरांना लगेच पचली.

अशा माणसाला केक.

त्या नाताळच्या ग्लासात होती ती त्यांनी स्वतः घरी केलेली लाल बिअर. रेड एल म्हणायचे ते. तांबूस रंग, जवाचा भाजका गोडवा, आणि घोट संपता संपता जिभेवर येणारा कडवटपणा. त्याहीआधी नाकात जायचा तो वास, संत्र्याची साल नखाने खरवडल्यासारखा. तो वास आणि कडवटपणा दोन्ही हॉप्सचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, वाळवून दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या. दिसायला अगदी कोंबड्यांचं खाद्य. बारमधे अंकल दिवसभर दुसऱ्यांची बिअर ओतायचे. ही एकच त्यांची होती. वर्षातून एकदा, नाताळला. मला शिकवायचे, "उकळी आल्या आल्या टाकलेस तर कडू होते. शेवटी टाकलेस तर वास येतो. थोडे आधी, थोडे मध्ये, बाकी सगळे शेवटी. घाई नाय करायची."

घर रिकामं करायला घेतलं तेव्हा मी मदतीला गेलो होतो. बाकीची मंडळी आधीच कुठे कुठे पांगली होती, घराचा भाडेकरार अंकलच्याच नावावर होता. ते सामान वाटत होते. मिक्सर ह्याला, गादी त्याला. मला त्यांनी बिअर आंबवायची झाकणवाली मोठी बादली दिली, आत भरडलेल्या जवाची पिशवी, फ्रीझरमधली हॉप्सची पाकिटं, यीस्टची पुडी.

"आता वसईला घेऊन जाऊन काय करू? तू घे. लिहून झालं असेल तर काहीतरी कामाचं कर."

परतीच्या वाटेवर मी ठरवलं की जाण्याआधी त्यांना त्यांचीच बिअर पाजायची. केकच्या नंतर निदान एक गोष्ट नीट व्हायला पाहिजे. या माणसाला कुणीतरी धड निरोप दिला, एवढं तरी. त्यांना न सांगता करायची, म्हणजे त्यांना काही विचारताही येणार नव्हतं. बिअर तयार व्हायला महिना लागतो, आणि त्यांच्या हातात तेवढाच होता. सामान एकदाच पुरेल इतकं. चुकलं की खलास.

मी एका पुण्याच्या कुटुंबाकडे खोली घेऊन राहतो. नवरा बँकेत, वहिनी घरी, मुलगी सातवीत. घरी दारू बनवायला इथे परवानगी नाही. मला ते माहीत होतं आणि वहिनींनाही. मी त्यांच्यापासून लपवलं नाही. जेवणाच्या टेबलावर सरळ सांगितलं की कुणासाठी करायची आहे आणि का. नवऱ्याने पोळीकडे बघत म्हटलं, "मी काही ऐकलेलं नाही." वहिनींनी पोळीचा डबा बंद केला. मग म्हणाल्या, "त्या केकवाल्यांसाठी का? कर बाबा. पण माझ्या पोळीच्या तव्याजवळ आणायचं नाही. आणि कुकर मिळणार नाही, आधीच सांगते."

शनिवारी सकाळी वहिनी मुलीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेल्या आणि मी गॅस ताब्यात घेतला. जव गरम पाण्यात भिजवायचं, उकळायचं नाही, फक्त ऊन ठेवायचं. मग गाळायचं. चक्क्याचं फडकं वापरलं, त्यातून तांबडं, गोडसर पाणी निघालं. इथपर्यंत सगळं अंकल सांगायचे तसं. पुढे उकळी आली आणि मी हॉप्सची पाकिटं उघडली. तेव्हाच हॉटेलच्या मॅनेजरने ग्रुपवर टाकलेला फोटो त्या वसईच्या सहकाऱ्याने माझ्या फोनवर पाठवला. बंद बारसमोर सगळे हसताहेत, खाली लिहिलंय, नव्या प्रवासासाठी शुभेच्छा. नवा प्रवास! मी सगळी पाकिटं त्याच उकळीत रिकामी केली. शेवटासाठी एक गोळी ठेवली नाही. म्हटलं, कडू तर कडू. कडूच असायला पाहिजे.

मुलगी परत आली, नाक दाबून म्हणाली, "आई, द होल हाउस स्मेल्स लाइक वेट ग्रास."

"काकांचं काम चाललंय," वहिनी म्हणाल्या.

"व्हॉट काम?"

"अभ्यास कर."

गार झाल्यावर यीस्ट टाकलं, झाकण लावलं, झाकणाला हवा बाहेर सोडणारी छोटी नळी. बादली माझ्या खोलीत खिडकीखाली ठेवली. जानेवारी होता, एसी बंद, फरशी गार. या बिअरला गारवा लागतो. आंबण्याची घाई झाली की यीस्ट भलभलते वास सोडतं. अंकल उन्हाळ्यात म्हणूनच करायचे नाहीत. मी फरशीला हात लावून पाहिला, ठीक होती. दुसऱ्याच दिवशी ऑफिसने मला अबुधाबीच्या गोदामात स्टॉक मोजायला पाठवलं. जाताना वहिनींना एवढंच म्हटलं, "बादलीकडे जरा लक्ष ठेवा हां."

एवढंच म्हटलं. आणि पुण्याच्या बाईला कुणी सांगावं की आंबवायला ठेवलेल्या गोष्टीकडे लक्ष ठेव!

परत आलो तर खिडकीखाली बादली नाही. शोधत गेलो. स्वयंपाकघराला लागून गीझरचं कपाट आहे, त्यात बादली बसली होती, अंगावर वहिनींची लोकरी शाल, गळ्यापर्यंत गुंडाळलेली, वर सेफ्टी पिन. नळीतून भसाभसा बुडबुडे येत होते.

वहिनींचा चेहरा फुललेला. "बघ! तू गेलास तेव्हा मढ्यासारखी पडली होती. दोन वेळा कान लावला, काही आवाज नाही. थंडी केवढी पडली होती रे. आंबायला ऊब नको का? इडलीचं पीठ मी इथेच ठेवते. संध्याकाळपर्यंत कशी बोलायला लागली!"

मी शालीला हात लावला. गरम. आतली बादली त्याहून गरम.

माझ्याकडे शब्द खूप होते. एरवी असतातच. पण पत्रकाला समोर कुणीतरी लागतो, ज्याने केलं, ज्याला फायदा झाला. इथे समोर एक बाई होती, तिने तिची चांगली शाल काढून माझ्या बादलीला पांघरली होती आणि आता ती शाबासकीची वाट बघत होती.

"थँक्यू वहिनी," मी म्हणालो. आणि खोलीत जाऊन पलंगावर आडवा झालो, बुटांसकट.

बाटल्या भरायच्या वेळी चव घेतली. रंग तोच, अगदी तोच तांबूस. जीभ आक्रसून जाईल इतकी कडू. आणि नाकात संत्रं नाही. पिकलेलं केळं, सालीवर काळे ठिपके पडलेलं. वहिनी पीत नाहीत, पण वास घेऊन म्हणाल्या, "शिकरणासारखं येतंय. चांगलंय की!" जव संपलं होतं, हॉप्स संपले होते, दिवसही संपत आले होते. ओतून द्यावं असं दोनदा मनात आलं. पण मग अंकलना द्यायला काय उरलं असतं? माझ्याकडे दुसरं एकच होतं, तेच केलं. ऑफिसच्या प्रिंटरवर लेबलं छापली. बाटलीवर मावेल इतक्या बारीक अक्षरांत सगळं लिहिलं. बावीस वर्षं उभा राहिलेला कामगार, केक, मॅनेजरचा फोन, मालकांची कॉफी, सगळं. बिअर बिघडली होती, निदान मजकूर तरी चोख होता.

अंकल जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी उम्म अल कुवैनला पोचलो. वहिनींनी बाटल्या त्याच शालीत गुंडाळून त्याच बादलीत घालून दिल्या होत्या, रस्त्यात फुटायला नकोत म्हणून. घरात काही उरलं नव्हतं. भिंतीवर क्रूसाच्या जागी त्याच आकाराचा पांढरा डाग. दोन बॅगा दाराशी. अंकल ओट्यापाशी उभे राहून शेवटची भांडी घासत होते.

"काय पत्रकवाले! बादली परत द्यायला आलास?"

मी शाल सोडली. त्यांनी एक बाटली उचलली, उजेडात धरली. रंग बघून भुवया वर गेल्या. मग लेबलावर नजर गेली. चष्मा काढून, बाटली डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग बाकीच्या बाटल्या फिरवून पाहिल्या.

"सगळ्यांवर तेच?"

"हो."

"आणि हे घेऊन तू दारूबंदीच्या शारजातून आलास? हायवेवरून? पोलिसाने थांबवला असता तर बाटलीपेक्षा लेबल महाग पडलं असतं रे." त्यांनी नळ सोडला आणि एकेक बाटली धरून अंगठ्याने कागद खरवडायला लागले. माझा मजकूर लगदा होऊन सिंकच्या जाळीवर साचला. मी बघत होतो.

"खोटं लिहिलंय का काही?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"नाय, खरंय. पण अर्धं आहे." ते खरवडत राहिले. "बावीस वर्षं उभा होता, उभा होता. मी काय खांब होतो? गुरुवारी बारमधे मी गायचो. लोक त्यासाठी यायचे. ते कुठंय ह्यात? एकदा एका गोऱ्या म्हाताऱ्याला मी नाचायला लावलं होतं, काठी टाकून. ते लिहिलंस? नाय. तुझ्या कागदात माझं फक्त वाईट झालंय."

त्यांनी दोन स्टीलचे ग्लास पुसले, झाकण उघडलं. फेस उसळून ओट्यावर आला. "यल्ला, चल बाहेर, फार कोंडलीयस," ते बाटलीला म्हणाले. ओतली. नाकाजवळ नेली आणि तिथेच थांबले.

मी घाईघाईने सांगायला लागलो. अबुधाबीचा स्टॉक, गीझर, वहिनी, शाल, सेफ्टी पिन. सेफ्टी पिनपर्यंत आल्यावर ते हसायला लागले. ग्लास खाली ठेवून ओट्याला धरून हसले. "पुणेकर बाईने बिअरला शाल पांघरली! अरे देवा. सत्कार केला तिने माझ्या बिअरचा!"

"नासली ना?"

"बिअर म्हणून? फेल. साफ फेल. बारमधे असती तर मीच ओतून दिली असती." मोठा घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "आणि हे हॉप्स. सगळे आधीच टाकलेस?"

"सगळे."

"तेच. चूल पेटवून पत्रक लिहिलंस."

पुन्हा वास घेतला त्यांनी. या वेळी डोळे मिटून. "सुकेळी माहितीय तुला?"

मला माहीत नव्हतं.

"आमच्याकडे राजेळी केळी उन्हात सुकवतात. आई चटईवर मांडायची, दिवसभर परतायची, संध्याकाळी पानात गुंडाळायची. आख्ख्या घराला हा वास. कपड्यांना, अंथरुणाला. शाळेत पोरं म्हणायची, आली बघा केळीवाल्याची औलाद." ग्लासात बघत ते बोलत होते. "ती केळीची वाडी भावांनी विकली. मी सहीला गेलो होतो. आता तिथे बिल्डिंग आहे, लिफ्टवाली. मला वाटलं होतं तिकडे गेल्यावर हा वास येईल. आता कुठून येणार? तर इथे येतोय. उम्म अल कुवैनमधे. गीझरमधून."

ते हसले नाहीत तेव्हा. मीही.

ग्लास त्यांनी संपवला. मला वाटलं माझ्यासाठी म्हणून संपवताहेत, तसं म्हणालोही. "गप रे," ते म्हणाले आणि दुसरी बाटली उघडली. बसायला घरात काही नव्हतं. रिकामी झालेली बादली त्यांनी पालथी घातली, वर वहिनींची शाल घडी करून ठेवली आणि तिच्यावर बसले, पाय पसरून, पाठ भिंतीला टेकवून. एक लांब श्वास सोडला.

"गुरुवारचं गाणं ऐकलं नाहीस ना कधी? तुझी ड्यूटी असायची."

"नाही ऐकलं."

"मग ऐक आणि नीट ऐक. परत कुणाबद्दल लिहिलंस तर हेही टाक."

आणि गायला लागले. त्यांच्या घरच्या बोलीतलं होतं, लग्नात म्हणतात तसलं काहीतरी, मला निम्मे शब्दही कळले नाहीत. सामान नसलेल्या घरात आवाज मोठा येत होता. मधेच थांबून कडवट घोट घ्यायचे, तोंड वाकडं करायचे, पुन्हा सूर पकडायचे. ग्लास रिकामा झाला की न बघता माझ्यापुढे धरायचे. मी ओट्यामागे उभा होतो, फडकं खांद्यावर, आणि ओतत होतो.